सेमिस्टरची नोंदणी: आधी एसटीचं वेळापत्रक काढा

परीक्षेला सहा दिवस उरले होते. आचऱ्याच्या बाजूची एक मुलगी हॉल तिकीट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली. "सर, पर्यटनाच्या तासाक चार म्हयने बसलंय मी, आणि तिकिटार भलतोच विषय इलो." तिकीट बघितलं. विषय खरंच भलता होता. फॉर्म भरलास का विचारलं, तर तिने फाईलमधून पावती काढून पुढे ठेवली. पावती अगदी बरोबर होती, पण ती कॉलेजच्या फीची होती.

सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात शिकवता शिकवता मी बरीच वर्षं प्रवेश समितीत बसतोय. दर वर्षी हा प्रकार दोन-चार जणांच्या बाबतीत तरी घडतोच. मुलं हुशार असतात, फॉर्मही भरतात. घोटाळा एवढाच की ज्याला आपण सगळे 'फॉर्म भरणं' म्हणतो, ती प्रत्यक्षात तीन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्या तीन वेगळ्या तारखा असतात.

तीन कामं, तीन कागद

पहिलं काम प्रवेशाचं. ते वर्षातून एकदा, जून-जुलैत. पहिल्या वर्षाला विद्यापीठाच्या पोर्टलवर आधी नावनोंदणी, मग कॉलेजचा अर्ज, गुणवत्ता यादी, कागदपत्रांची तपासणी आणि फी. मुंबई विद्यापीठाचं यातलं बरंच काम अलीकडे 'समर्थ' पोर्टलवर आलं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला यादीची भानगड नसते, पण प्रवेश नव्याने घ्यावाच लागतो. आपोआप कोणी पुढच्या वर्गात सरकत नाही.

दुसरं काम विषयनोंदणीचं. हे प्रत्येक सत्राला, म्हणजे वर्षातून दोनदा. जुलैत सुरू होणाऱ्या सत्रासाठी एकदा, दिवाळीनंतरच्या सत्रासाठी पुन्हा एकदा. घसरगुंडी होते ती याच कामात.

तिसरं काम परीक्षा अर्जाचं. हेही दर सत्राला. त्याची फी वेगळी, मुदत वेगळी, आणि मुदत टळली की विलंब शुल्क.

तीनही कागद एकाच प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा. त्यावर पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने तुम्हाला दिलेला कायमचा नंबर, ठळक लिहून ठेवा. तो एकदाच मिळतो आणि पदवीपर्यंत तोच चालतो. ऑफिसच्या खिडकीवर "सर, माझं नाव शोधा ना" म्हणणाऱ्याला अर्धा तास लागतो. पीआरएन सांगणाऱ्याचं काम दोन मिनिटांत होतं.

फाईल मे महिन्यातच तयार करा

बारावीचा निकाल लागेपर्यंत कोणी हलत नाही आणि निकाल लागला की सगळा तालुका एकदम तहसीलला धावतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, अधिवास हे दाखले निकालाची वाट न बघता आंब्याच्या हंगामातच करायला टाका. बाबा पेट्या भरण्यात गुंतलेले असतात हे मान्य. पण अर्ज सेतूत किंवा 'आपले सरकार'वर जाऊन तुम्ही स्वतःही भरू शकता. दाखला कोणत्या तारखेपर्यंत चालतो ते त्याच्यावरच छापलेलं असतं. ते वाचा. गेल्या वर्षीचा दाखला यंदा पुढे करणारी मुलं दर जुलैला दिसतात.

कागदांपेक्षा मोठी डोकेदुखी नावाची. आपल्याकडे बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर हाच क्रम उलटा असतो. कुठे 'दत्ताराम'चा 'दत्ता' झालेला असतो, कुठे इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर जास्त. क्रमातला फरक बहुतेक वेळा निभावतो. स्पेलिंगातला फरक मात्र पुढे प्रत्येक ठिकाणी आडवा येतो, आणि पहिल्यांदा येतो तो एबीसी आयडी काढताना.

एबीसी म्हणजे अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तुमच्या क्रेडिटचं, म्हणजे प्रत्येक विषयाला तासांच्या हिशोबाने दिलेल्या वजनाचं, बँक खातं. ही व्यवस्था २०२१ साली सुरू झाली. त्याचा १२ आकडी नंबर डिजिलॉकरमधून फुकट निघतो. आता 'अपार' या नावानेही तो ओळखला जातो. विषय पास झालात की त्याचे क्रेडिट या खात्यात जमा होतात आणि उद्या कॉलेज किंवा विद्यापीठ बदललं तर तिथूनच पुढे न्यायचे असतात. आधारवरचं नाव आणि विद्यापीठाकडचं नाव जुळत नसेल, तर खातं असूनही क्रेडिट लटकतात. म्हणून आधार दुरुस्ती आधी, एबीसी मग, आणि कॉलेजचा अर्ज त्यानंतर. क्रम उलटवलात तर तीन ठिकाणी दुरुस्त्या करत फिराल.

आणखी एक. सगळीकडे एकच मोबाईल नंबर द्या आणि तो स्वतःचा किंवा घरातला द्या. सायबरवाल्याने घाईत स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल घातला, आणि पुढच्या सत्राला ओटीपी त्याच्या फोनवर गेला, असं मी कितीदा पाहिलंय. तोवर त्याने दुकान बंद करून काजूचा कारखाना टाकलेला असतो. मे महिन्यात गोव्यात कामाला जाऊन नवं सिम घेणारेही यातच आले. जुना नंबर पदवी हातात येईपर्यंत चालू ठेवा.

विषय निवडताना: बावीस क्रेडिटचं गणित

नवीन शैक्षणिक धोरणाची रचना आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून पहिल्या वर्षाला आली. एका सत्राला साधारण २२ क्रेडिट, वर्षाला ४४. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. मुख्य विषय म्हणजे मेजर, जोडीचा तो मायनर, आणि मग बाकीचा गोतावळा: ओपन इलेक्टिव्ह, भाषेचा पेपर, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञानपरंपरेचा, कौशल्याचे दोन प्रकार, आणि एनएसएस-एनसीसी-खेळ वगैरेंचा सहअभ्यासक्रम. पुढच्या सत्रांत फील्ड प्रोजेक्ट, समाजकार्याचा प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग. कोणत्या सत्रात कशाला किती क्रेडिट हे शाखेनुसार थोडं बदलतं. त्याचा तक्ता कॉलेजच्या नोटीस बोर्डावर असतो. फोटो काढून ठेवा.

ही यादी पाहून घाबरू नका. यातले निम्मे विषय कॉलेजनेच ठरवलेले असतात, तुम्ही फक्त खूण करायची. खरी निवड दोन-तीन ठिकाणीच असते: मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि सहअभ्यासक्रम. डोकं तिथे लावा.

मायनरचं सोपं. ज्यात पुढे एम. ए. किंवा एम. एस्सी. करावंसं वाटेल किंवा ज्यावर स्पर्धा परीक्षा देता येईल असा विषय घ्या. मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका. मैत्री पहिल्या सत्रानंतर राहील का सांगता येत नाही, मायनर बराच काळ सोबत राहतो.

ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. कलेच्या मुलाने वाणिज्य किंवा विज्ञानाच्या टोपलीतला, विज्ञानाच्या मुलीने कलेतला. सगळे एकमेकांना विचारत असतात, "सोपा खंयचो?" मी उलटं विचारतो: घरात काय चालतं? तारकर्लीत घरचा होमस्टे असेल तर पर्यटनाचा पेपर घे. ज्याच्या घरी आंब्याच्या पेट्यांचा हिशोब वहीत लिहिला जातो त्याने प्राथमिक अकाउंट्स घ्यावं. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तासांचं शिकणं, घरी उपयोगी पडलं तर बोनस. भाषेच्या पेपरात मराठी 'सोपं' म्हणून घेणाऱ्यांचे पेपर मी तपासले आहेत. त्याबद्दल इथे काही बोलत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मुंबई-पुण्याची मुलं याचा विचार करत नाहीत, कारण त्यांना गरज नाही. आपल्याला आहे. विषयाचा फॉर्म उघडण्याआधी कॉलेजचं तात्पुरतं वेळापत्रक मागून घ्या. एका कागदावर सोमवार ते शनिवार आखा. कागदाच्या डाव्या समासात तुमच्या गावाहून येणाऱ्या गाड्या लिहा, उजव्या समासात परत जाणाऱ्या. वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला असलेली एसटी, सकाळी सहाला सुटून साडेसातला कॉलेजच्या नाक्यावर येत असेल, पुढची साडेनऊला, परतीची सव्वातीनला आणि त्यानंतर थेट सहा वाजता, तर या चार गाड्यांच्या वेळा तुमच्यासाठी अभ्यासक्रमाइतक्याच महत्त्वाच्या. आता विषय त्या चौकटीत बसवून बघा.

थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३०. दोन क्रेडिटची थिअरी आठवड्याला दोन तासांत भागते. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल आठवड्याला चार तास खातं, आणि प्रॅक्टिकल बहुधा दुपारीच लावतात. सव्वातीनची गाडी पकडायला तुम्ही दर मंगळवारी अर्ध्यातून उठलात, तर हजेरीचा ७५ टक्क्यांचा नियम ऑक्टोबरात समोर उभा राहतो. तेव्हा "सर, गाडी नाय" हे कारण खरं असलं तरी हजेरीपटात लिहिता येत नाही.

एनएसएसचंही तसंच. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. मी प्रत्येकाला घ्यायला सांगतो, कारण गावं बघायला मिळतात. पण घरून मुलीला सात दिवस बाहेर राहू देतील का, हे नोंदणीआधी आईला विचारून या. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी नको. एनसीसीची परेड सकाळी असते. वस्तीच्या गाडीवर जो अवलंबून आहे त्याने आधी परेडची वेळ विचारावी.

'स्वयम'वरचा ऑनलाइन कोर्स घेऊन क्रेडिट मिळवता येतात. खाडीपलीकडच्या मुलांना ही चांगली सोय आहे. मात्र कोर्स सुरू करण्याआधी कॉलेजची लेखी परवानगी घ्या. आधी कोर्स संपवून मग प्रमाणपत्र दाखवलं तर ते फ्रेम करून लावायच्या कामाचं राहतं. शिकणं फुकट असलं तरी परीक्षेची फी भरावी लागते, आणि परीक्षा केंद्र कुठे मिळतंय तेही बघा.

प्रत्यक्ष फॉर्म भरायचा दिवस

शेवटचा दिवस सोडून कुठलाही. जुलैत आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. रेंजसाठी सड्यावर चढायचं तर पाऊस. रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी कॉलेजांना सुट्टी देतात, पोर्टलची तारीख मात्र हलत नाही. दुसरं सत्र परवडलं म्हणावं, पण पहिल्या सत्राची बरीच कामं नेमकी चवथीच्या आगेमागे येतात. घरात गणपती, मुंबईकर चाकरमानी आलेले, फोन चार्जिंगला लावायला प्लग रिकामा नाही. म्हणून मुदत जाहीर झाल्यापासून तिसऱ्या दिवसाच्या आत फॉर्म भरून मोकळं व्हा, सकाळी सात-साडेसातला. तेव्हा पोर्टलवर गर्दी नसते.

मोबाईलवर भरता येतो, पण जमलं तर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबरमध्ये मोठ्या स्क्रीनवर भरा. आचऱ्याच्या त्या मुलीचं काय झालं ते पुढे कळलं. फोनच्या छोट्या स्क्रीनवर ओपन इलेक्टिव्हची यादी उघडली, बोटाने खाली सरकवली, पण खूण झालीच नाही. यादीतला पहिलाच विषय निवडलेला राहिला. तिला वाटलं आपण पर्यटन घेतलं. कॉलेजातही तिला कोणी तासाला बसू नको म्हणालं नाही, कारण वर्गातली यादी आम्ही विषयनोंदणीशी वेळेवर जुळवलीच नव्हती. ही आमची चूक, ती मान्य केलीच पाहिजे.

तेव्हा भरताना असं करा. विषयांची नावं आणि कोड आधी कागदावर लिहून घ्या. नावं सारखी असतात, कोड सारखे नसतात. 'भाग एक' आणि 'भाग दोन'मध्ये फक्त शेवटचा आकडा बदलतो. फॉर्ममध्ये एकेक विषय निवडला की कागदावर टिकमार्क करा. क्रेडिटची बेरीज २२ किंवा तुमच्या तक्त्याप्रमाणे येते का बघा. 'सेव्ह' आणि 'सबमिट' ही दोन वेगळी बटणं असतात. 'सेव्ह' दाबून घरी जाणाऱ्यांचा फॉर्म कच्चाच राहतो. सबमिट झाल्यावर जी पीडीएफ उतरते ती उघडून प्रत्येक ओळ वाचा, दोन प्रिंट काढा. एक ऑफिसात, एकीवर शिक्का घेऊन फाईलमध्ये.

फोटो आणि सही घरूनच तयार करून न्या. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने सही, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो, आणि पोर्टल सांगेल तेवढ्या केबीत बसवलेला. रेघांच्या वहीवरची सही परत येते.

पैसे भरताना मधेच नेट गेलं आणि खात्यातून रक्कम गेली, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा नंबर लिहून घ्या, काही तास थांबा, पोर्टलवर फीची स्थिती बघा. बहुतेक वेळा पावती मागाहून उमटते, नाहीतर पैसे काही दिवसांत परत येतात. तेही झालं नाही तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि पासबुकातली नोंद घेऊन ऑफिसात या. मुदत अगदी डोक्यावर असेल तेव्हाच दुसऱ्यांदा भरा, आणि पहिल्याचा परतावा मागणारा अर्ज त्याच दिवशी द्या.

विषय बदलायचा असेल तर

सत्र सुरू झाल्यावर बदलासाठी थोडे दिवस देतात. हे दिवस कॉलेजागणिक वेगळे असतात, विचारून घ्या. तोंडी सांगून काही बदलत नाही. अर्ज करा, त्यावर जुन्या आणि नव्या विषयाच्या शिक्षकांच्या सह्या घ्या, तो ऑफिसात देऊन पोच घ्या, आणि आठवड्याने पोर्टलवर नवा विषय दिसतो का ते तपासा. चौथी पायरी सगळे विसरतात.

केटी, म्हणजे मागच्या सत्राचा राहिलेला विषय, असेल त्यांच्यासाठी वेगळं लक्षात ठेवण्यासारखं. चालू सत्राचा परीक्षा अर्ज भरला म्हणजे केटीचा भरला गेला असं होत नाही. केटीचा अर्ज वेगळा, फी वेगळी, कधी कधी तारीखही वेगळी. तिसऱ्या सत्राचा विषय राहिलेला असेल तर अर्जात सत्र तिसरं निवडायचं, तुम्ही आज पाचव्यात असलात तरी. आणि केटी आहे म्हणून लाजून नोंदणी लांबवू नका. खिडकीवरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, रोज पन्नास बघतो तो.

परीक्षा अर्ज भरताना विषय बहुधा आपोआप येतात, विषयनोंदणीतूनच. त्यामुळे तिथली चूक इथे उतरते. परीक्षा अर्जाची प्रिंट आणि विषयनोंदणीची प्रिंट शेजारी ठेवून जुळवा. हॉल तिकीट आलं की पुन्हा एकदा. त्या मुलीने हे शेवटचं केलं म्हणून तर सहा दिवस आधी कळलं. परीक्षेच्या दिवशी कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार नको.

नोंदणीला चिकटून येणारी कामं

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्ती अर्ज वरच्या तीन कामांत येत नाही. तो स्वतः भरायचा, दर वर्षी, दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण म्हणून. खुल्या गटातल्या मुलांनीही बघावं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे आणि तिच्याबद्दल गावात फारशी कोणाला कल्पना नसते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खातं काढून तिथे आधार जोडला असेल, तर रक्कम तिकडे जाते आणि तुम्ही जुन्या पासबुकात शोधत बसता.

एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे. त्यासाठी बोनाफाईड, म्हणजे तुम्ही या कॉलेजात शिकता असा कॉलेजचा दाखला, लागतं आणि बोनाफाईड प्रवेशानंतरच मिळतं. त्यामुळे प्रवेश लवकर झाला तर जुलैचा पासही लवकर हातात पडतो. एकाच अर्जात दोन-तीन प्रती मागून घ्या.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात असाल तर पोर्टल वेगळं, नियमही वेगळे. तिथल्या तारखा तिथल्याच बघाव्या लागतील. पण क्रेडिटची बेरीज आणि कोड तपासणं तिथेही चुकत नाही.

मुंबई विद्यापीठाचं आवार कलिन्याला, कणकवलीहून चार-साडेचारशे किलोमीटर. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर बसून जाणारे पालक मी पाहिले आहेत. कोकणाला स्वतंत्र विद्यापीठ हवं ही मागणी जुनी आहे, ती होईल तेव्हा होईल. तोवर दुरुस्ती कॉलेजमार्फतच करा. कॉलेजच्या पत्राशिवाय तिथेही फार काही हलत नाही, मग प्रवास कशाला?

त्या मुलीचं काम तसंच झालं. दुरुस्तीचा अर्ज, वर्गाच्या हजेरीपटाची प्रत, प्राचार्यांचं पत्र. सुधारित तिकीट पेपरच्या दोन दिवस आधी आलं. दुसऱ्या सत्राच्या नोंदणीला ती आली तेव्हा हातात लांब वहीचं पान होतं, दोन्ही समासांत एसटीच्या वेळा. सगळे विषय बसले होते, फक्त एक अडत होता. "सर, ह्यो तास मंगळवारी साडेतीनाक. गाडी चुकता." तो तास माझाच होता. वर्गात विचारलं तर आणखी अकरा जणांची तीच गाडी निघाली. तेव्हापासून मंगळवारचा तो तास पावणेआठला आहे, वस्तीच्या गाडीच्या हिशोबाने, आणि मला मात्र मंगळवारी चहा अर्धवट टाकून निघावं लागतं.